कामठ्याचे दैव

आमच्या भंडारा जिल्ह्यात, विशेषतः साकोली-लाखनीच्या जंगलपट्टीत, धनुष्याला धनुष्य म्हणणारे लोक थोडे. 'धनुष्य' हे दंडारीतल्या रामाच्या हातातले. घरात आढ्याला टांगलेला असतो तो कामठा, आणि बाणासह बोलावयाचे झाले तर तीरकामठा. एखाद्या घरातला कामठा मोडला तर कोणी फारसे मनावर घेत नाही. दुसरा मोडला म्हणजे माणसे एकमेकांकडे पाहतात. आणि तिसऱ्याची दोरी तुटली की मग नाट लागली, दृष्ट पडली, असे बोलणे सुरू होते. या बोलण्याची थट्टा करावी असे आम्हांस वाटत नाही. ज्याच्या हातात वस्तू पुन्हा पुन्हा मोडते त्याला कारण हवे असते, आणि कारण डोळ्यांना दिसत नसले म्हणजे तो त्याला दैव म्हणतो. परंतु कामठ्याच्या बाबतीत कारण बहुधा दिसण्याजोगे असते. फक्त ते बाण सुटण्याच्या क्षणी शोधून सापडत नाही. ते वर्ष-दीड वर्ष मागे, वेळूच्या बेटात, जाऊन शोधावे लागते. तेथपर्यंत माग काढणे एवढेच आजच्या विषयाचे काम.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जगातील धनुष्यांचे ढोबळ मानाने दोन वंश आहेत. एक तुर्क-मोगलांच्या कमानीचा. ती आखूड, उलट्या वळणाची. आत लाकूड, पोटाला शिंग, पाठीला स्नायूंचे तंतू, आणि हे सारे सरसाने जोडलेले. घोड्यावरून मारा करावयास ती उत्तम, पण पावसाळी हवेत सरस सुटण्याची भीती कायम. दुसरा वंश एकाच दांड्याच्या लांब धनुष्याचा. त्यात सांधा नाही, सरस नाही. जे काही बळ आहे ते त्या एका लाकडाचे किंवा वेळूचे. आमचा कामठा या दुसऱ्या वंशातला, आणि हा वंश आपल्या देशात फार जुना आहे. अलेक्झांडरबरोबर आलेल्या निआर्कसच्या आधाराने आरियन या ग्रीक लेखकाने लिहून ठेवले आहे, की हिंदी पायदळाचे धनुष्य ते धारण करणाऱ्याच्या उंचीएवढे असे. त्याचे एक टोक जमिनीवर टेकून, डाव्या पायाने दाबून ते दोरी ओढीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याला चालणारी द्रव्ये चार सांगितली आहेत: ताड, वेळू, लाकूड आणि शिंग. दोरीसाठी मोरवेल, रुई, ताग, स्नायू यांच्या यादीत पुन्हा वेळू आहेच. म्हणजे दांडाही वेळूचा आणि दोरीही वेळूची, ही आमच्या गोंड वस्त्यांतली रीत कौटिल्याच्या कोठाराला अनोळखी नव्हती.

इंग्रजांचे लांब धनुष्य यू नावाच्या झाडाचे. १४१५ मध्ये आझँकूरच्या लढाईत त्याने फ्रेंच सरदारांची काय गत केली हे इतिहासाच्या पुस्तकात आहेच. १५४५ मध्ये बुडालेले 'मेरी रोझ' हे त्यांचे लढाऊ जहाज १९८२ मध्ये समुद्रतळातून वर काढले, तेव्हा त्या जहाजावरची सव्वाशेहून अधिक धनुष्ये अभ्यासकांच्या हाती आली. त्यांच्यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. कारागीर दांडा अशा बेताने काढीत, की बाहेरच्या अंगाला झाडाचे पांढरे, ताण सोसणारे लाकूड यावे आणि आतल्या अंगाला तांबूस गाभ्याचे, दाब सोसणारे लाकूड यावे. एकाच झाडात निसर्गाने दोन गुण शेजारीशेजारी ठेवले होते. कारागिराने ते ओळखले इतकेच. वेळूतही असाच प्रकार आहे, आणि आमच्या आपत्तींचा उलगडा पुष्कळसा तेथेच होतो.

आता त्या आपत्ती. आम्ही काही शिक्षक व विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी तलावाच्या पाळीखाली तणसाचे भारे उभे करून नेम धरीत असतो. शिकारीशी याचा काही संबंध नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपलेला आहे, आणि तो संपला हे योग्यच झाले. आमच्याजवळ तीन कामठे होते. पहिला एका शहरातल्या दुकानातून आणलेला. रंगरोगण केलेला, मुठीला लाल कापड गुंडाळलेला, दिसावयास नवरदेवासारखा. तो ऐन मे महिन्यात, सकाळी दोरी चढविताना, वरच्या बाहूत तडकला. दुसरा भिंतीवर टांगलेला होता. एके दिवशी खाली फरशीवर पिठासारखा भुसा दिसला, आणि हातात घेतला तर कामठ्याला टाचणीच्या अग्राएवढी पंचवीस-तीस भोके. तिसऱ्याची दोरी पोळ्याच्या आदल्या दिवशी तुटली. ती नवी बांधली, तर पाहुण्यांच्या एका मुलाने बाण न लावताच दोरी पुरी ओढून सोडली, आणि कामठ्याचे पोट जागच्या जागी पिचले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. वर्षाच्या आत तीन कामठे गेले. शेजारच्या एका आजींनी आम्हांस लिंबू-मिरची बांधण्याचा सल्ला दिला. आम्ही तो ऐकून घेतला, आणि मोडके तुकडे घेऊन साकोली तालुक्यातल्या एका गोंड वस्तीवरच्या वृद्ध कारागिराकडे गेलो.

बाबाजींनी तुकडे उलटसुलट पाहिले. एकाचा वास घेतला, दुसऱ्याच्या तुटलेल्या तोंडावर नख फिरविले. नव्या कामठ्याविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, "आता वेरू वला हाये, गुर्जी. दिवारी होऊ द्या." तेव्हा भाद्रपद चालू होता. हातात पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला असे परत पाठविणारा दुकानदार शहरात सापडणे कठीण. पण या एका वाक्यात बाबाजींनी आमच्या तीन कामठ्यांपैकी निदान दोघांचे पंचनामे केले होते, हे पुढे हळूहळू आमच्या ध्यानात आले.

वेळूचा कोंब जमिनीतून वर येतो तो पावसाळ्यात, आणि दोन-चार महिन्यांत आपली पुरी उंची गाठतो. त्यानंतर तो उंच होत नाही, जाडही होत नाही. मात्र आतून पक्का होत जातो, आणि त्याला तीन-चार वर्षे लागतात. एका वर्षाचा वेळू आणि चार वर्षांचा वेळू दुरून सारखेच दिसतात. जवळून पाहिले म्हणजे कोवळ्याच्या पेरांना पातळ आवरणे चिकटलेली असतात व अंगावर पांढरट पूड असते. जुन्याचा रंग पिवळट-भुरा होतो व बोटाने वाजविल्यास आवाज ठणठणीत येतो. कोवळ्या वेळूची टोपली चांगली होते, कारण बुरडाला वाकणारी, चिरली जाणारी कामठी हवी असते. कामठा मात्र वाकून परत सरळ झाला पाहिजे. कामठी आणि कामठा, शब्द एका घरातले, पण त्यांना लागणारा वेळू वेगवेगळा.

वयाइतकाच महत्त्वाचा तोडीचा महिना. वेळू आपल्या अंगात पिष्ट साठवून ठेवतो आणि पावसाळ्यात नवे कोंब वर काढताना तो साठा खर्च करतो. पावसाळा संपून हिवाळा लागतो तेव्हा साठा कमी झालेला असतो. उन्हाळ्याकडे जाताना तो पुन्हा भरतो. आणि घुणाचा भुंगा लाकूड खात नाही, तो हा पिष्टच खातो. उन्हाळ्यात तोडलेला वेळू म्हणजे त्याच्या दृष्टीने भरलेली ढोली. आमच्या दुसऱ्या कामठ्याला दृष्ट लागली नव्हती; तो बहुधा उन्हाळतोडीचा होता, आणि भिंतीवर चढण्यापूर्वीच त्याच्या नशिबी भुसा लिहिला गेला होता. वेळू वद्य पक्षात तोडावा असेही जुने लोक सांगतात. चंद्राचा आणि घुणाचा संबंध कोणी पक्का सिद्ध केल्याचे आमच्या वाचनात नाही, पण महिन्याचा नियम खराच आहे. आणि तिथी पाहणारा माणूस महिना चुकवीत नाही, एवढा तिथीचा उपयोग आहेच.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो. वेळू दोन जातींचे तेथे मिळतात. एक कटांग: जाड, उंच, काटेरी आणि आतून पोकळ, मांडवाला, शिडीला उत्तम. दुसरा मानवेल: बारीक, पण भिंत जाड, आणि बुडखा तर जवळजवळ भरीव. लाठी मानवेलाची, भाल्याचा दांडा मानवेलाचा, आणि कामठाही त्याचाच. बाबाजींनी एका शेतकऱ्याच्या बांधावरचे बेट निवडले. बेटाच्या मधला, चार पावसाळे पाहिलेला वेळू हेरला. त्याच्या आसपासचे कोवळे हातानेही हलविले नाहीत. जमिनीपासून एक पेर सोडून त्यावर कोयत्याचा घाव घातला. त्याचे कारण विचारल्यावर ते म्हणाले, की बुडखा उघडा राहून त्यात पाणी साचले तर सारे बेट सडते.

तोडलेला वेळू लगेच घरी गेला नाही. तो तीन आठवडे बोडीच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवला. उरलासुरला पिष्ट त्यात विरघळून जातो. पाण्याला येणारी दुर्गंधी ही काम नीट चालल्याची खूण. मग सावलीत सुकविणे, आणि शेवटी चुलीवरच्या माळ्यावर धुरात. माघ संपेपर्यंत त्याला कोणी हात लावला नाही. सुमारे अडीच-तीन महिने केवळ वाट पाहण्यात गेले. बाबाजींच्या घरी त्या काळात सुपे झाली, टोपल्या झाल्या, धान विकले गेले. आमचा वेळू माळ्यावर काळा होत राहिला. शहरातल्या दुकानातला रंगीत कामठा कोणत्या घाईत तयार झाला असेल याची कल्पना आम्हांस तेव्हा आली.

घडविण्याचे काम प्रत्यक्षात चार दिवसांचे. पण त्यातली पहिली गोष्ट समजली म्हणजे सारे समजले. वाकलेल्या दांड्याचे बाहेरचे अंग ताणले जाते आणि आतले दाबले जाते. वेळूचे बळकट तंतू सालीलगत दाट असतात व आत विरळ होत जातात. म्हणून त्याची ताण सोसण्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीहून पुष्कळ अधिक. यासाठी साल बाहेर, लक्ष्याच्या बाजूला, राहील असा दांडा चिरावा, आणि सालीला सुरी शक्यतो लावू नये. एक तंतू आडवा कापला गेला तर तेथूनच चीर धरते. जो काही तासावयाचा तो आतला, पोटाचा भाग. शहरी कामठ्याची साल गुळगुळीत दिसावी म्हणून पेरांच्या गाठी सपाट घासून वर रंग दिलेला होता. तुटीचे तोंड नेमके एका गाठीवर होते.

त्यानंतर तासणे. येथे एक गणित आहे आणि ते मोठे कठोर आहे. दांडा रुंदीने निम्मा केला तर त्याचा ताठरपणा निम्मा होतो. पण जाडीने निम्मा केला तर ताठरपणा आठवा हिस्सा उरतो. जाडीतला केवळ आठवा भाग काढला तरी सुमारे एक तृतीयांश बळ जाते. म्हणून अखेरच्या टप्प्यात बाबाजींनी सुरी ठेवली आणि काचेच्या तुकड्याने खरवडणे सुरू केले. चार वेळा काच फिरवावी, दोरी चढवून थोडे ओढावे, दुरून पाहावे, पुन्हा काच. दोन्ही बाहू सारखे वाकले पाहिजेत. एक बाहू ताठ राहिला तर दुसऱ्यावर सारा भार येतो, आणि तो एके दिवशी मान टाकतो. भिंतीत एक खुंटी, तिच्यावर मूठ अडकविलेली, दोरीला खाली दगडाचे वजन: दगड वाढवीत जावे आणि वाकणीची रेघ कोळशाने भिंतीवर काढीत जावी. आमच्यापैकी एका विज्ञानशिक्षकाने त्या रेघा मोजून पाहिल्या; उजव्या-डाव्यात फरक अर्ध्या बोटाएवढाही नव्हता.

वेळूला बुडखा आणि शेंडा असतो, आणि हे कामठ्यातही कायम राहते. बुडख्याकडे भिंत जाड व पेरे आखूड, शेंड्याकडे पातळ व लांब. म्हणून खालचा बाहू स्वभावतःच थोडा अधिक ताठ येतो. बाबाजी बुडख्याच्या टोकाला कोयत्याने बारीक खूण करतात आणि ती बाजू कायम खाली धरावयास सांगतात. हात मध्याच्या जरा खाली धरला जातो, तेव्हा खालचा बाहू किंचित ताठ असावा हे विलायती धनुष्यकारही सांगतात. जुन्या माणसांनी ते कोणत्या ग्रंथात वाचले नव्हते. बुडखा वर धरलेले कामठे बाण नीट फेकीत नाहीत हे त्यांनी पाहिले होते.

वाकडा पेर सरळ करावयाचा असेल तर तो निखाऱ्यावर धरतात. विशिष्ट उष्णतेला वेळू मऊ पडतो, हवा तसा वळतो, आणि निवला की तसाच राहतो. ही उष्णता किती, हे बाबाजी हाताच्या पाठीवर ओळखतात. यापलीकडे त्यांनी ते समजावून सांगितले नाही, आणि आम्हांसही ते हाताशिवाय समजेलसे वाटत नाही.

दोरी वेळूच्याच सालीची. लांब, निर्दोष पट्टी काढून तिच्या कडा गुळगुळीत करतात, आणि दोन्ही टोकांना पळसाच्या मुळांच्या वाखाने फास बांधतात. सुताच्या दोरीसारखी ती ताणली जात नाही, पावसात सैल पडत नाही. तिचा दोष एकच: कडेला एक बारीकशी खाच पडली की ती तेथूनच जाते, आणि जाताना पूर्वसूचना देत नाही. म्हणून कसलेला तीरंदाज रोज दोरीच्या कडेवरून बोट फिरवितो. आमची पोळ्याची दोरी उंदराने कुरतडलेली असावी असा बाबाजींचा तर्क.

आता हवेविषयी, कारण आमच्या जिल्ह्याची हवा कामठ्याची खरी परीक्षक आहे. पावसाळ्यात येथे धान पिकते, म्हणजे हवा किती ओली असेल हे सांगणे नको. त्या दिवसांत वेळू ओल शोषतो, मऊ पडतो आणि दोरी चढवून ठेवला तर कायमचा बाक धरतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते. तोच वेळू ओल सोडतो आणि कडक, ठिसूळ बनतो. पावसाळी ओलीत घडविलेला कामठा पहिल्या उन्हाळ्यात तडकतो तो यामुळे. म्हणून उन्हाळ्यात कामठा पाण्याच्या माठाजवळ, सावलीत ठेवावा. ओढण्यापूर्वी चार-पाच वेळा अर्धवट ओढून 'जागा' करावा. काम झाले की दोरी उतरवावी. आणि बाण न लावता दोरी कधी सोडू नये. ओढलेल्या कामठ्यात साठलेले बळ बाण घेऊन जातो. बाण नसेल तर ते बळ परत कामठ्यातच शिरते. तिसऱ्या कामठ्याचे पोट पिचले याचे कारण एवढेच, त्यात गूढ काही नाही.

बाणांविषयी स्वतंत्रच लिहावे लागेल. त्यांचा लवचिकपणा कामठ्याच्या ताणाशी जुळला पाहिजे, नाहीतर चांगला कामठाही बदनाम होतो, एवढे येथे पुरे. बोटांविषयी मात्र एक लोककथा सांगण्याजोगी आहे. आदिवासी तीरंदाज अंगठा न लावता पहिल्या दोन बोटांनी दोरी ओढतात, ते एकलव्याच्या आठवणीने, असे पुष्कळजण सांगतात. कथा सुंदर आहे. पण ज्यांनी एकलव्याचे नावही ऐकले नाही अशा युरोपातही बोटांनीच ओढण्याची रीत होती, हे विसरू नये. अंगठ्याने ओढण्याची रीत मुख्यतः त्या आखूड, शिंगाच्या कमानीबरोबर आली. लांब धनुष्याला बोटेच सोयीची.

नवा कामठा आमच्या हाती आला तो चैत्रात. लांबी साडेपाच फूट, पूर्ण ओढीला ताण सुमारे ३५ पौंड. 'मेरी रोझ'वरच्या धनुष्यांचा ताण १०० पौंडांच्या वर होता असे अभ्यासक सांगतात. आमच्या शिक्षकवर्गाच्या खांद्यांना ३५ पुरे आहेत. रंग नाही, फक्त धुराचा काळपट तांबूसपणा आणि वरून जवसाच्या तेलाचा हात. ओढताना तो जुन्या बैलासारखा, हिसका न देता, एकसारखा येतो. पहिला उन्हाळा त्याने माठाशेजारी काढला, आणि तो पुढच्या पावसाळ्यातून सरळच बाहेर आला.

परंतु या सर्व हकीकतीत एक गोष्ट सहज घडली असे भासते ती सहज नाही: बाबाजींनी वेळू तोडला. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला होता. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते. कायदा झाड म्हणे. आपल्या बांधावरचा वेळू तोडून गावाबाहेर नेण्यासाठीही माणसाला परवान्यासाठी खेटे घालावे लागत. जुन्या मध्यप्रांतात गावकऱ्यांना निस्ताराचे हक्क होते, नोंदलेल्या बुरडांना सवलतीच्या दराने बांबू मिळे; पण कामठा करणारा माणूस यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नव्हता. त्याला वर्षाकाठी हवे असत दहा-वीस वेळू, तेही निवडलेले, चार वर्षांचे, हिवाळ्यात तोडलेले. आगारात रचलेल्या गठ्ठ्यातून जे मिळे त्याचे वय कोण सांगणार, आणि महिना कोण? आमच्या मते गेल्या पन्नास-साठ वर्षांत ज्या वाईट कामठ्यांनी या कलेचे नाव घालविले, त्यांपैकी बरेचसे अशा न निवडलेल्या वेळूचे असले पाहिजेत. ज्याच्या हाताला वेळू निवडता येत होता त्याला बेटात जाण्याची मोकळीक नव्हती.

हे चित्र अलीकडे बदलले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात स्पष्ट शब्दांत घातले आणि तो गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वनवासी समाजाला दिला. कागदावरचा हक्क हातात येण्यास आणखी काही वर्षे गेली. आमच्या दक्षिणेला, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आणि २७ एप्रिल २०११ रोजी त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केले. बांबू गावाबाहेर नेण्याची परवानगी ग्रामसभा स्वतः देऊ लागली. पुढे २०१७ मध्ये प्रथम वटहुकमाने व नंतर कायद्याने बांबू 'वृक्षा'च्या व्याख्येतून वगळला गेला. जंगलातला वेळू अजूनही वनोपजच आहे. नागझिरा, कोका यांसारख्या अभयारण्यांत तर कोयता घेऊन जाण्याचा प्रश्नच नाही. पण शेताच्या बांधावरच्या बेटाचा मार्ग मोकळा झाला, आणि आमचा कामठा त्या मार्गाने आला.

वेळू मोकळा झाला. गिऱ्हाईक मात्र उरले नाही, ही दुसरी अडचण. शिकार थांबली तेव्हा कामठ्याची रोजची कसोटी थांबली. जो कामठा दसऱ्याला पुजावयाचा आणि पाहुण्यांना दाखवावयाचा, तो कसाही केला तरी चालतो. सध्या बाजारात मिळणारे पुष्कळसे कामठे शोभेचेच असतात. भिंतीवर तलवारीशेजारी टांगण्यापुरते. बाबाजींचे दोन्ही मुलगे हे काम करीत नाहीत, आणि त्यांना दोष देणे आमच्या मनात येत नाही. चार महिन्यांच्या कामाचे जे मोल मिळते त्यावर घर चालत नाही.

आशा आम्हांस दिसते ती खेळाच्या मैदानावर. भारतीय तीरंदाजी संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली. तिच्या राष्ट्रीय स्पर्धांत देशी, बांबूच्या धनुष्यासाठी वेगळा 'इंडियन राउंड' आहे. राजस्थानातील लिंबा राम लहानपणी बांबूच्या धनुष्याने पाखरे टिपीत असे. त्याने १९९२ मध्ये बीजिंग येथे जागतिक विक्रमाची बरोबरी केली. झारखंडच्या दीपिका कुमारीने पहिला सराव घरच्या बांबूच्या धनुष्यावर केला. आमच्या शेजारच्या नागपूरचा ओजस देवतळे ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे जगज्जेता झाला, आणि त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी जगज्जेती झाली. त्यांची धनुष्ये चाकांची, धातूची, दुर्बीण लावलेली, आणि त्यांची किंमत आमच्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या ऐपतीपलीकडची. त्या धनुष्यांशी कामठ्याची तुलना करणे व्यर्थ आहे. परंतु साकोलीच्या एखाद्या आश्रमशाळेतल्या मुलीला पहिली दोन वर्षे हात, खांदा आणि नजर बसविण्यासाठी जे लागते ते एका चांगल्या कामठ्यात पुरेपूर आहे. आणि तो मोडला तर दुसरा पाच कोसांवर तयार होऊ शकतो, मात्र मागणी मार्गशीर्षाच्या आधी गेली पाहिजे.

वेळूच्या बेटालाही एक दैव असते, आणि त्यावर उपाय नाही. मानवेल कित्येक दशकांनी एकदा फुलतो. साऱ्या रानात एकदम फुलतो, बी गाळतो आणि वाळून जातो. फुलोऱ्यावर आलेल्या वेळूचा कामठा होत नाही. तो ठिसूळ होतो. मग बियांपासून नवे बेट उभे राहून त्यात कामठ्याजोगा वेळू मिळण्यास आठ-दहा वर्षे जातात. त्या मधल्या काळात पूर्वी लोक जुने कामठे जपून वापरीत व दूरच्या नातलगांकडून वेळू आणीत.

बाबाजींनी त्या बांधावरच्या बेटात आणखी तीन वेळूंना चुन्याची खूण केली आहे. दोन चार पावसाळ्यांचे, एक तीन पावसाळ्यांचा. पहिले दोन यंदाच्या मार्गशीर्षात तोडावयाचे असून त्यांतला एक शाळेसाठी आहे. कोयता धरावयास आठवी-नववीतले तीन विद्यार्थी बरोबर जाणार आहेत. त्यांपैकी एकाचे आजोबा कामठे करीत असत, असे बाबाजींनी आम्हांस सांगितले. मुलाला ते ठाऊक नव्हते.